माळावरच्या पाहुण्यांची मोजदाद

सोयाबीन घरात आलं, ज्वारी-हरभऱ्याची पेरणी उरकली, की आपल्या लोहाऱ्याच्या माळावर एक पाखरू दिसायला लागतं. घारीपेक्षा सडपातळ, लांब शेपटीचं. घार उंच आभाळात घिरट्या घालते. हे मात्र गवताच्या शेंड्याला पोट लागेल इतकं खालून जातं, पंख थोडे वर धरून, कधी या अंगावर तर कधी त्या अंगावर कलत. आपण सगळ्या त्यालाही घारच म्हणतो. पक्ष्यांच्या पुस्तकांत त्याचं नाव आहे भोवत्या, कुणी हारीण असंही लिहितात. ते मूळचं इथलं नाही. कझाकिस्तानसारख्या दूरच्या देशांतल्या गवताळ मैदानात ते अंडी घालतं. तिकडे थंडी पडायला लागली की निघतं, आपल्या गायरानावर हिवाळा काढतं आणि उन्हाळा लागला की परत जातं.

त्याच दिवसांत, ५ ते १२ नोव्हेंबर, आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा सोलापुरात जन्मलेले वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अली यांचा. २०२० पासून सरकारी पातळीवर हा सप्ताह साजरा होतो. शाळेत मुलं चित्रं काढतात, भाषणं करतात. मला आज त्या निमित्ताने शिकारी पाखरांच्या मोजणीचा इतिहास सांगायचा आहे. पाखरं मोजून काय करायचं, असं आपल्या गटाच्या बैठकीत कुणीही विचारेल. विचारावंच. ज्या बाईने ही मोजणी सुरू करवली, तिलाही लोकांनी हेच विचारलं असणार.

तिचं नाव रोझाली एज. जन्म १८७७. अमेरिकेतल्या न्यूयॉर्कची बाई. बायकांना मत देण्याचा हक्क मिळावा म्हणून तिथे मोठी चळवळ झाली, त्यातली ही कार्यकर्ती. हक्क मिळाला, पण हिची भांडायची सवय काही गेली नाही, ती पाखरांसाठी भांडायला लागली. तिथल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात डोंगराची एक लांबलचक सोंड आहे. दर शरद ऋतूत, म्हणजे आपल्या भादव्यापासून कार्तिकापर्यंत, उत्तरेकडचे ससाणे आणि गरुड त्या सोंडेवरून दक्षिणेला जातात. त्याचं कारण समजायला सोपं आहे. ही पाखरं अंगाने जड असतात. सगळा प्रवास पंख मारत केला तर दमून जातील. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढते, जसा चुलीवरून धूर चढतो, तिच्यावर ती अलगद वर जातात आणि मग घसरत पुढे सरकतात. डोंगराला वारा धडकला की तोही वर वळतो. म्हणून डोंगराच्या कडेने जाणं त्यांना सोयीचं पडतं, आणि हजारो पाखरं एकाच वाटेने जातात.

तीच वाट त्यांच्या मुळावर आली होती. ससाणे कोंबड्या नेतात, शिकारीची पाखरं खातात, म्हणून ती वाईट, असा समज होता. १९२९ पासून तिथल्या सरकारने एका जातीच्या ससाण्यामागे पाच डॉलर इनाम लावलं होतं. सुट्टीच्या दिवशी लोक बंदुका घेऊन कड्यावर चढायचे आणि दिसेल ते पाखरू पाडायचे. १९३२ मध्ये एका तरुणाने मेलेली पाखरं ओळीने मांडून त्यांचे फोटो काढले. ते पाहून रोझालीबाई अस्वस्थ झाल्या. पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या मोठ्या संस्थेने काही हालचाल केली नाही, तेव्हा १९३४ मध्ये त्यांनी स्वतःच तो जवळपास चौदाशे एकर डोंगर पाचशे डॉलर देऊन भाड्याने घेतला. पुढे विकत घ्यायचा, या बोलीवर. मला यातली ही अक्कल फार आवडते. अर्ज-विनंत्या करत बसल्या असत्या तर किती शरद ऋतू गेले असते! जमीनच ताब्यात घेतली.

राखणीला त्यांनी मॉरिस ब्राऊन या माणसाला नेमलं. त्याची बायको अर्मा. बंदूकवाले आले की अर्मा वाटेवर उभी राहून त्यांना परत पाठवायची. पुरुष तावातावाने यायचे आणि समोर ही एकटी. तिकडे मॉरिस कड्यावर बसून रोज वहीत लिहायचा, आज कोणत्या जातीची किती पाखरं गेली. म्हातारी किती, त्या वर्षी जन्मलेली किती. ती वही महायुद्धाच्या काळात काही वर्षं बंद राहिली, पण परत सुरू झाली आणि आजही त्या कड्यावर दर शरदात मोजणी होते.

आता त्या वहीचा उपयोग काय झाला ते ऐका. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतात डीडीटीची फवारणी सुरू झाली. काही वर्षांनी रेचल कार्सन नावाच्या लेखिकेने त्या औषधांचा अभ्यास मांडायला घेतला. त्यांनी मॉरिसच्या वहीतले आकडे पाहिले. १९३५ ते १९३९ या काळात कड्यावरून गेलेल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांत शंभरात चाळीस पिल्लं होती. १९५५ ते १९५९ मध्ये शंभरात वीसच उरली. १९५७ साली तर बत्तीस मोठ्या गरुडांमागे एक पिल्लू. मोठी पाखरं दिसत होती म्हणून कुणाला काही वाटत नव्हतं, पण घरात लेकरंच नव्हती. पुढे कळलं की डीडीटीमुळे अंड्याचं कवच इतकं पातळ व्हायचं, की आई उबवायला बसली की अंडी फुटायची. कार्सनबाईंचं पुस्तक १९६२ मध्ये आलं. रोझालीबाई त्याच वर्षी गेल्या. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटी बंद झालं.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. १९३४ साली ती वही उघडली तेव्हा कुणाच्या डोक्यात फवारणी नव्हती. ती बंदुकीसाठी उघडली होती. पण औषध यायच्या आधीचे आकडे तिच्यात होते, म्हणून नंतरच्या आकड्यांना अर्थ आला. बचत गटाचं रजिस्टर ज्यांनी पहिल्या महिन्यापासून लिहिलंय, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

आपल्या देशात असंच गिधाडांचं झालं. गिधाडं दूरच्या प्रवासाची नाहीत, पण गोष्ट त्याच जातीची आहे. राजस्थानात भरतपूरला मुंबईच्या बीएनएचएस या संस्थेचे विभू प्रकाश यांनी १९८७-८८ साली गिधाडांची घरटी मोजली, ३५३ भरली. तेव्हा गिधाडं इतकी होती की त्यांची काळजी करावी असं कुणाच्या मनातही आलं नसेल. दहा वर्षांच्या आत ती घरटी निम्म्याहून कमी झाली. पुढे शोध लागला की जनावरांना ताप-दुखण्यावर देतात ते डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं गेलं. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली शंभरातली नव्व्याण्णव गेली होती. मेलेली म्हैस गावाबाहेर टाकली की गिधाडं उतरायची, हे आपल्या सासवांना विचारा. आता तिथे कुत्री असतात.

आणखी एक मोजणी नागालँडची. अमूर ससाणा म्हणून एक छोटं शिकारी पाखरू आहे, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका पेरूएवढं. ते सैबेरिया आणि चीनच्या बाजूने निघून आफ्रिकेला जातं. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँडच्या दोयांग धरणाकाठी लाखोंनी थांबतं. २०१२ मध्ये शशांक दळवी, बानो हरालू आणि त्यांचे सोबती पांगती गावाजवळ गेले, तर मासे धरायची जाळी झाडांमध्ये बांधून हे ससाणे पकडले जात होते. त्यांनी शिकाऱ्यांचे गट मोजले, एका गटाला रोज किती मिळतात ते पाहिलं आणि हिशोब केला. दिवसाला बारा ते चौदा हजार पाखरं. हा आकडा देशभर गेला. गावाने स्वतः बंदीचा निर्णय घेतला आणि २०१३ साली तिथे एकही जाळं लागलं नाही. पण एक सांगते, कारण हे कौतुकात विसरलं जातं. त्या गावाची चांगली शेती त्याच धरणात बुडालेली होती. ससाण्यांचे पैसे हा त्यांना मोठा आधार होता आणि तो त्यांनी सोडला. त्याच नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर छोटी यंत्रं बसवली, नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. तेव्हापासून अशा यंत्रांमुळे त्यांची वाट कळत आली आहे. ईशान्येकडून निघाले की ते भारताचं पठार ओलांडतात, आपल्या महाराष्ट्राच्या आभाळातून जातात आणि पुढे न थांबता अख्खा अरबी समुद्र पार करतात.

आता आपला भोवत्या. आपल्याकडे अमेरिकेतल्यासारखी एकच डोंगरवाट नाही. बालाघाटाचा माळ पसरट, पाखरंही पसरून येतात. म्हणून त्यांना जाताना मोजत नाहीत, झोपायला येताना मोजतात. दिवसभर ही पाखरं एकेकटी हिंडतात, नाकतोडे, उंदीर, छोटी पाखरं धरतात. दिवस मावळला की सगळी एका गवतात जमतात आणि जमिनीवरच झोपतात. गुजरातमध्ये भावनगरजवळ वेळावदरच्या काळवीट राष्ट्रीय उद्यानात १९९० च्या दशकात रॉजर क्लार्क हे इंग्रज अभ्यासक आणि गिधाडांची घरटी मोजणारे तेच विभू प्रकाश यांनी अशी मोजणी केली. संध्याकाळी गवताच्या कडेला उभं राहायचं आणि आत उतरणारं प्रत्येक पाखरू लिहायचं. आकडा हजारांत गेला. भोवत्यांचा इतका मोठा मुक्काम जगात त्याआधी कुणी मोजलेला नव्हता. पाखरं अन्न पचल्यावर हाडं-पिसांच्या गोळ्या ओकतात. त्या गोळ्या फोडल्या तर नाकतोड्यांचे पाय आणि तुकडे खच्चून भरलेले. म्हणजे कपाशीच्या रानावर फुकटात राबणारे मजूर.

त्यानंतर देशातल्या अनेक मुक्कामांवर आकडे घसरत गेले. अभ्यासक कारणं सांगतात ती आपल्या ओळखीची आहेत. माळ नांगराखाली आला. सरकारी कागदावर गवताळ रानाला पडीक म्हणतात, म्हणून तिथे झाडं लावली जातात. झाडं लावली की चांगलंच झालं असं आपल्याला वाटतं, पण उघड्या गवतात राहणाऱ्या पाखराला ते घर उरत नाही, आणि शेळीलाही चारा उरत नाही. त्यात फवारणी वाढली. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. माळढोक तिथे आता क्वचितच दिसतो, पण त्याच्यासाठी राखलेल्या गवतावर हिवाळ्यात भोवत्ये येतात.

लोहाऱ्याच्या माळाची अशी वही नाही. वीस वर्षांपूर्वी इथे किती भोवत्ये उतरायचे हे कुणी लिहिलेलं नाही, त्यामुळे आज कमी झाले की तेवढेच आहेत, हे छातीठोक सांगता येत नाही. शेळ्या राखणाऱ्या बायकांना विचारलं तर त्या म्हणतील, पूर्वी लई दिसायची. पण लई म्हणजे किती?

म्हणून या दिवाळीनंतर आपल्या गटांतल्या ज्यांचं रान गायरानाला लागून आहे, त्यांनी संध्याकाळी शेळ्या परत आणताना थोडं थांबून बघावं. नर राखाडी असतो, पंखांची टोकं काळी, जणू शाईत बुडवलेली. मादी आणि पिल्लं तपकिरी, आणि शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. तो पट्टा घारीला नसतो. गवतात शिरायचं नाही, कडेलाच उभं राहायचं. दिवस मावळायच्या अर्धा तास आधीपासून अंधार पडेपर्यंत जेवढी उतरली तेवढी लिहायची. तारीख, गावाचं नाव, माळाचं नाव आणि आकडा. एकही दिसलं नाही तर शून्य लिहायचं, पान कोरं सोडायचं नाही. डिसेंबरच्या बैठकीला वह्या घेऊन या.