कंपन्यांच्या राजकीय देणग्या, करसवलत आणि मतदार

पवनानगर ज्या मावळ लोकसभा मतदारसंघात मोडते, त्यातच पिंपरी व चिंचवड ही कारखान्यांची नगरेही येतात. पवनेच्या जलाशयाकाठचा शेतकरी आणि त्याच नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या कारखान्याचा मालक ह्यांच्या मतांचे मूल्य समान आहे. कंपनीस मात्र मत नाही. ती पक्षनिधीस देणगी देते. ह्या दुसऱ्या प्रकारच्या ‘मता’विषयी आपल्या कायद्याने वेळोवेळी कोणती भूमिका घेतली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

१९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांस देणग्या देण्याचा अधिकार आपल्या उद्दिष्टांत समाविष्ट करण्यासाठी न्यायालयाची अनुज्ञा मागितली. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला ह्यांच्यापुढे आले. प्रचलित कायद्यात अडसर नसल्यामुळे त्यांनी अनुज्ञा कायम केली. परंतु अशा देणग्यांनी पुढे लोकशाहीचाच गळा आवळला जाईल, असा इशाराही संसदेस दिला. ज्यास मान्यता द्यावयाची त्याचीच भीती व्यक्त करणारे निर्णय विरळाच.

संसदेने १९६० साली देणगीस मर्यादा घातली : २५,००० रुपये किंवा सरासरी निव्वळ नफ्याचे ५ टक्के, ह्यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती. देणगी हिशेबात दाखविणेही आवश्यक केले. १९६९ साली तर संपूर्ण बंदी आली. बंदीने पैसा थांबला नाही, त्याचे नाव तेवढे पालटले. पक्षांनी स्मरणिका काढाव्यात, कंपन्यांनी त्यांत पानेच्या पाने जाहिराती द्याव्यात, आणि जाहिरात हा धंद्याचा खर्च म्हणून करपात्र नफ्यातून वजा करून घ्यावा, अशी ही युक्ती होती. (त्या जाहिराती वाचून किती पोलाद खपले असेल, हे वाचकांनीच ठरवावे.) देणगीचा काही भार अशा रीतीने सरकारी तिजोरीवर, म्हणजे पर्यायाने पवनाकाठच्या शेतकऱ्यावरही, पडत असे. १९७८ च्या दुरुस्तीने ही वजावट बंद केली; त्याच दुरुस्तीने, हिशेब ठेवण्याच्या अटीवर, पक्षांच्या उत्पन्नास करमाफीही दिली.

१९८५ साली बंदी उठली. २००३ साली कंपनीच्या देणगीस करात पूर्ण वजावट मिळाली. जी एकेकाळी पळवाट होती, ती अशा रीतीने राजमार्ग झाली. ह्या सवलतीचे समर्थन अशक्य नाही : पैसा निदान वहीत नोंदला जातो. परंतु २०१७ साली नफ्याच्या प्रमाणातील मर्यादा काढण्यात आली आणि कोणत्या पक्षास देणगी दिली हे हिशेबात सांगण्याचे बंधनही गेले. तेव्हा हे समर्थनच कोसळले. निवडणूक रोख्यांसह ही व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविली.

‘लोकांनीच निवडून दिले’ हा दोषारोप म्हणून सरसकट करता येत नाही. २९ एप्रिल २०१९ रोजी मावळात मतदान झाले, तेव्हा रोख्यांमागील नावे मतदारांपासून कायद्यानेच दडविलेली होती. १३ मे २०२४ च्या मतदानापूर्वी मात्र निवडणूक आयोगाने, मार्चमध्येच, ती प्रसिद्ध केली होती. पहिल्या मतदाराकडे जी जबाबदारी जात नाही, ती दुसऱ्याकडे काही अंशी निश्चित जाते.