ढालीवरची जर

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी जाकिटांवरच्या बिल्ल्यांच्या हुबेहूब प्रती हाताने भरणारे हौशी लोक बहुधा गोल रिंग, सुती दोरा आणि साधा भरीव टाका घेऊन बसतात. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीच्या ढालीच्या आकाराच्या बिल्ल्याला मात्र ही पद्धत शोभत नाही. त्या ढालींपैकी कितीतरी मुळात आपल्याकडच्या जरदोजांनी, म्हणजे जरीकाम करणाऱ्या कारागिरांनी, कारचोबावर, म्हणजे कापड ताणायच्या लाकडी चौकटीवर, भरलेल्या आहेत.

बाहीवर तुकडीची खूण लावण्याची अमेरिकी प्रथा १९१८ची, ८१व्या डिव्हिजनच्या रानमांजरापासूनची. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडी १९४२ची. तिच्या ढालीवर खाली तांबडे-पांढरे उभे पट्टे, वर निळ्यावर चीनचा बारा किरणांचा सूर्य आणि शेजारी पाच टोकांचा तारा. ब्रह्मदेशासाठी काहीच नाही. तारा पाहणाऱ्याला अमेरिकेचा वाटतो, पण तो घेतला भारताचा म्हणून. व्हिक्टोरिया राणीने १८६१मध्ये ‘स्टार ऑफ इंडिया’ हा किताब काढला, त्यातही पाच टोकांचाच तारा आहे. उसनवारी तिथूनच झाली, असं माझं ठाम मत आहे. इंग्लंडच्या राजाशी लढून स्वतंत्र झालेल्या देशाच्या शिपायांनी त्याच राजघराण्याच्या किताबाची खूण खांद्यावर वागवली!

आता जर. अमेरिकी कारखान्यातला बिल्ला यंत्रावर भरलेला, सपाट, दोऱ्याचा. भारतात बनलेल्या अनेक बिल्ल्यांत धातूची तार चमकते आणि नक्षी कापडावर उठून दिसते. तार काळी पडते, कशालाही अडकते, रणांगणावर तिचा उपयोग शून्य. मग ती आली कुठून? माझ्या मते इथल्या जरदोजांकडूनच. काहींच्या मते अमेरिकी वैमानिकांनीच मागितली, कारण इंग्लंडमधल्या शिंप्यांकडूनही ते वैमानिकाच्या बिल्ल्यावरचे पंख जरीत करून घेत. आक्षेप वजनदार आहे, कारण जरीचं भरतकाम युरोपातही शतकानुशतकं होतं. पण गोऱ्या पलटणींच्या अधिकाऱ्यांचे बिल्ले इथले कारागीर आधीपासून भरत होते. गिऱ्हाईक नवं आलं, तेव्हा दुकान तयार होतं. मागणी त्यांची असेल, पण भरणारा हात इथलाच.

म्हणून प्रत करायची तर लोकरी कापड कारचोबावर ताणावं. ताऱ्याखाली सुती दोऱ्याचा उठाव द्यावा. दबका म्हणजे तारेची बारीक पोकळ गुंडाळी. तिचे हवे तेवढे तुकडे कापून मण्यांसारखे सुईत ओवावेत आणि उठावावर आडवे बसवावेत. तुकडा जरा लांब झाला तर मधेच फुगतो, आखूड झाला तर खालचा दोरा डोकावतो. सूर्याचे किरण एकेक करून भरावेत. हातकामात दोन किरण तंतोतंत सारखे उतरत नाहीत, ते तसेच राहू द्यावेत. वाराणसीत आजही जगभरच्या सैन्यांचे बिल्ले हातानेच भरले जातात.

आणि प्रत अस्सल म्हणून खपू नये, यासाठी मागच्या बाजूला भरल्याचं वर्ष घालावं. युद्धानंतरच्या दोऱ्यांमध्ये उजळपणासाठी घातलेली रसायनं अतिनील दिव्याखाली निळसर चमकतात, त्यावरून जाणकार नवं काम पुष्कळदा ओळखतात. पण जुना दोरा वापरला की ती खूणही उरत नाही.