तंतुकणिकेतील प्रथिनप्रवेश आणि धानाचे नरवंध्यत्व

पेशीच्या ज्या द्विपटल अंगकात श्वसनाचा अंतिम टप्पा पार पडतो, ते अंगक म्हणजे तंतुकणिका. उत्पत्तिस्थानानुसार तिच्यातील प्रथिनांचे दोन वर्ग पडतात: (१) तिच्या स्वतःच्या जनुकांपासून तिच्यातच घडणारी, (२) केंद्रकातील जनुकांपासून पेशीद्रव्यात घडून नंतर आत येणारी. पहिला वर्ग अल्प, दुसरा शेकडोंचा. दुसऱ्या वर्गाच्या आगमनास येथे 'प्रवेश' म्हटले आहे.

अंतःपटलाच्या आतील आधारद्रव्यापर्यंत जाणाऱ्या प्रथिनाच्या आरंभी बहुधा १५ ते ५० अमिनो आम्लांचा संकेतखंड असतो. वनस्पतींत तो याहून लांबही आढळतो. त्याची एक बाजू धनभारित, दुसरी जलविरोधी. या रचनेवर प्रवेशाच्या चार अवस्था उभ्या आहेत. पहिली, ओळख: बाह्यपटलावरील टॉम-२० हे ग्राही प्रथिन संकेतखंड धरते. वनस्पतींत ही ओळख अधिक काटेकोर असावी लागते, कारण तेथे हरितलवक हे दुसरे गंतव्यही असते. दुसरी, बाह्यपटलभेद: उलगडलेली साखळी टॉम-४० च्या छिद्रातून जाते. तिसरी, अंतःपटलभेद: अंतःपटलाची आतली बाजू ऋणभारित असल्यामुळे धनभारित खंड टिम-२३ या मार्गिकेतून आत ओढला जातो, उर्वरित साखळी एटीपी खर्चून एचएसपी-७० हे प्रथिन आत घेते. चौथी, छेदन व घडी. संकेतखंड तोडणारे विकर प्राण्यांत आधारद्रव्यात मुक्त असते. वनस्पतींत मात्र ते श्वसनशृंखलेच्या तिसऱ्या संकुलाचाच भाग आहे. पटलांत वा पटलांमधील अवकाशात राहणाऱ्या कित्येक प्रथिनांचे मार्ग निराळे. त्यांचा विस्तार येथे अनावश्यक.

या प्रवेशाचे महत्त्व भंडारा जिल्ह्याचे मुख्य पीक असलेल्या धानात दिसते. धानाचे फूल स्वपरागित असल्याने संकरित बियाण्यासाठी मातृवाण नरवंध्य असावा लागतो. १९७० मध्ये चीनच्या हैनान बेटावर सापडलेल्या रानधानापासून आलेले 'डब्ल्यूए' पेशीद्रव्य यासाठी सर्वाधिक वापरले जाते. त्याच्या तंतुकणिकेतील डब्ल्यूए-३५२ हे प्रथिन पहिल्या वर्गातले. परागकोशाच्या पोषकस्तरात ते कॉक्स-११ या प्रथिनाला जखडते. कॉक्स-११ हे दुसऱ्या वर्गातले, म्हणजे प्रवेश करून आलेले. परिणामी पोषकस्तर अकाली मरतो व सक्षम पराग घडत नाहीत. अर्थात दोष आतला, बळी बाहेरून आलेला.

उपायही बाहेरूनच येतो. पितृवाणाच्या केंद्रकातील आरएफ-४ जनुकाचे प्रथिन तंतुकणिकेत शिरून डब्ल्यूए-३५२ चा संदेशवाहक आरएनए घटवते. जनुक केंद्रकात असून भागत नाही. त्याचे प्रथिन वरील मार्गाने आत पोहोचले तरच संकरित पिढीला पराग येतो. परागक्षमता परत येण्याच्या, म्हणजे पुनर्स्थापनेच्या, चर्चेत जनुकांची मोजदाद होते, या मार्गाचा उल्लेख क्वचितच. ही मला उणीव वाटते.

यातून एक परिणाम निघतो. पेशीद्रव्य मातेकडून अखंड उतरते, आरएफ-४ सारखी पुनर्स्थापक जनुके मात्र पुढच्या पिढीत विभागली जातात. म्हणून संकरित धानाचेच दाणे बियाणे म्हणून राखून पुढच्या खरिपात पऱ्हे टाकले, तर बांधीतील काही रोपांना ही जनुके मिळत नाहीत, आणि त्यांच्या लोंब्या बव्हंशी पोचट निघतात.