हॅम्बर्गरमध्ये ‘हॅम’ नाही

‘हॅम’ म्हणजे डुकराचे मांस. मग हॅम्बर्गर आपल्याला कसा चालेल, असे विद्यार्थी पुष्कळदा विचारतात. प्रश्न रास्त आहे, परंतु शब्दाची फोड चुकते. हा शब्द ‘हॅम’ अधिक ‘बर्गर’ असा नसून ‘हॅम्बर्ग’ या नावापासून झाला आहे. हॅम्बर्ग हे जर्मनीतील एल्ब नदीवरील मोठे बंदर. कोल्हापूरचा तो कोल्हापुरी, तसा हॅम्बर्गचा तो हॅम्बर्गर. मूळ पदार्थात गोमांसाचा खिमा असतो. हलाल-हरामचा निर्णय जनावर कसे कापले यावर होईल, नावावर नव्हे.

एकोणिसाव्या शतकात या बंदरातून लाखो युरोपीय लोक अमेरिकेस गेले. तेथील उपाहारगृहांत ‘हॅम्बर्ग स्टेक’ हा खिम्याचा पदार्थ मिळू लागला. तो ताटात वाढीत. पावात घालून हातात देण्याची युक्ती प्रथम कोणास सुचली, यावर विस्कॉन्सिन, कनेक्टिकट, टेक्सास या राज्यांतील गावे अजून भांडतात. पक्का पुरावा कोणाकडेच नाही. तेव्हा तो वाद त्यांनाच लखलाभ!

खरी अडचण वेगळीच होती. मांसाचा तुकडा डोळ्यांना दिसतो. खिम्यात काय गेले ते खाटीकच जाणे. आपल्याकडे जाणती माणसे मांस पसंत करून समोरच खिमा करून घेतात, ते उगीच नव्हे. १९०६ साली अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही कादंबरी पुस्तकरूपाने निघाली. शिकागोच्या मांस-कारखान्यांतील मजुरांचे हाल जगापुढे मांडावेत, हा लेखकाचा हेतू. वाचकांना मात्र मजुरांपेक्षा स्वतःच्या पोटाची चिंता अधिक वाटली! त्याच वर्षी मांस-तपासणीचा कायदा झाला. तरीही खिम्यावरचा संशय लोकांच्या मनातून गेला नाही.

तो घालविण्याचे श्रेय कॅन्सस राज्यातील विचिटा गावच्या वॉल्टर अँडरसन या आचाऱ्याकडे जाते. १९२१ मध्ये बिली इंग्रॅम या भागीदारासह त्याने ‘व्हाइट कॅसल’ हे उपाहारगृह काढले. इमारत पांढरीशुभ्र, नोकरांचे कपडे स्वच्छ आणि सारा स्वयंपाक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. किंमत फक्त पाच सेंट. पुढे १९३० मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील एका विद्यार्थ्याला तेरा आठवडे केवळ हॅम्बर्गर आणि पाण्यावर ठेवण्यात आले, व तो धडधाकट राहिल्याचा कंपनीने गाजावाजा केला. खर्च कंपनीचाच होता, त्यामुळे या प्रयोगाला किती गुण द्यावेत हे सुज्ञ वाचकांनी ठरवावे. पण संशयाने पाहिले जाणारे खाणे प्रतिष्ठित झाले, एवढे खरे.

१९४८ साली कॅलिफोर्नियातील मॅकडोनल्ड बंधूंनी स्वयंपाकघरात कारखान्यासारखी कामाची वाटणी केली व १५ सेंटांत हॅम्बर्गर विकला. रे क्रॉक यांनी १९६१ मध्ये त्यांचे हक्क २७ लाख डॉलरला विकत घेतले आणि हा धंदा जगभर नेला. १९९६ साली तो दिल्ली-मुंबईस आला, तो गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही वगळून. येथील ‘महाराजा मॅक’मध्ये सुरुवातीला मटण होते, पुढे कोंबडी आली, बटाट्याची टिक्कीही आली.