मुंबई उपनगरांतील घरगुती शिवणकाम आणि बॉक्स प्लीटचा स्कर्ट : एक ऐतिहासिक विचार

मुंबईच्या कापडाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. १८५० च्या दशकात उभ्या राहिलेल्या पहिल्या कापडगिरणीपासून १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपापर्यंत गिरणीमालक, कामगार, जॉबर, चाळी आणि कामगार संघटना यांवर अभ्यासकांनी विपुल लेखन केले. मात्र कापड गिरणीच्या दाराबाहेर पडले की हा इतिहास बहुधा थांबतो. वारावर विकत घेतलेले कापड घरी आल्यावर त्याचे वस्त्र कोणी केले, कोणत्या कौशल्याने केले आणि त्या श्रमाची नोंद कोठे झाली, हे प्रश्न अनुत्तरित राहतात. प्रस्तुत लेखात अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतील मराठी घरांत शाळकरी मुलींसाठी शिवल्या जाणाऱ्या बॉक्स प्लीटच्या स्कर्टच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु तो क्षुल्लक का वाटतो, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे.

उपनगरांची पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेवरील गाड्या धावू लागल्या. १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंतचा आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंतचा प्रदेश बृहन्मुंबईत आला. गिरगाव-दादरच्या चाळींतून आलेली नोकरदार कुटुंबे येथे दोन खोल्यांच्या घरांत स्थिरावली. निश्चित पण तुटपुंजा मासिक पगार, मुलींना शाळेत घालण्याचा आग्रह आणि शाळांचा सक्तीचा गणवेश या तीन गोष्टी एकत्र आल्या, तेथे घरगुती शिवणयंत्राची गरज निर्माण झाली.

चुणी ही मराठी स्त्रीला नवीन नव्हती. नऊवारी काय किंवा पाचवारी काय, लुगड्याचे सारे सौंदर्य निऱ्यांवर अवलंबून. पण निरी रोज घातली जाते आणि रोज सुटते. शिवलेली चुणी कायमची बसवावी लागते. हा फरक मोठा आहे. स्कॉटलंडमधील किल्टच्या इतिहासातही हेच स्थित्यंतर दिसते. अंगाभोवती गुंडाळून पट्ट्याने आवळायच्या लांब वस्त्रातून अठराव्या शतकाच्या अखेरीस चुण्या शिवून बसवलेला किल्ट तयार झाला, आणि त्या आरंभीच्या शिवीव किल्टच्या चुण्या बॉक्स प्लीटच्याच होत्या. एकाच दिशेने दुमडलेल्या दाट चुण्यांची पद्धत एकोणिसाव्या शतकात रुळली. तिला सुमारे आठ वार कापड लागते, तर बॉक्स प्लीटच्या किल्टचे काम चार वारांत भागते. इंग्लंडमध्ये मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग यांच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात १८९० च्या दशकात मुलींसाठी बॉक्स प्लीटचा बिनबाह्यांचा झगा आला. पुढे तोच शाळकरी मुलींचा गणवेश ठरला आणि इंग्रजी वळणाच्या शाळांमार्फत वसाहतींत पोहोचला. परकर-पोलक्यातील मराठी मुलगी स्कर्टमध्ये आली ती या वाटेने.

शिवण मात्र त्याआधीच शाळेत आली होती. १८२९ मध्ये मुंबईत आलेल्या मार्गारेट विल्सन या स्कॉटिश मिशनरी बाईंच्या मुलींच्या शाळांपासून १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनापर्यंत स्त्रीशिक्षणात सुईला मानाचे स्थान होते. सुधारक आणि सनातनी यांचे ज्या थोड्या विषयांवर एकमत होते, त्यांत मुलींनी शिवण शिकावे हा एक होता. सुधारकांना त्यात स्वावलंबन दिसे, सनातन्यांना गृहकृत्य.

यंत्राने या कौशल्याला वेग दिला. सिंगर कंपनीने भारतात हप्त्यांवर विक्री सुरू केली आणि यंत्र मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ मध्ये शिवणयंत्राचा अपवाद केला होता. १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्रे काढली आणि स्वातंत्र्यानंतर पायमशीन लग्नातील प्रतिष्ठेची वस्तू झाली. परंपरेने शिंपी पुरुषाकडे असलेले बेतण्याचे ज्ञान शिवणवर्गांतून आणि झारापकर पद्धतीच्या कटिंगच्या पुस्तकांतून गृहिणींकडे आले. शिंप्याचे नुकसान किती झाले, याचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. पुरुषांचे कपडे तरी त्याच्याकडेच राहिले.

बॉक्स प्लीटचा स्कर्ट घरी शिवणे हे मुख्यतः हिशेबाचे काम होते. समजा, मुलीची कंबर २४ इंच आहे. दर्शनी ३ इंचांची एक अशा ८ घड्या घ्यायच्या, तर प्रत्येक घडीच्या पोटात आणखी ६ इंच कापड जाते. म्हणजे एका घडीला ९ इंच आणि आठांना ७२ इंच. ३६ इंच पन्ह्याच्या कापडाचे दोन तुकडे जोडले की बरोबर ७२ इंच भरतात. जोडात आणि कडेच्या पट्टीत जे इंच-दीड इंच जाते, ते घड्यांच्या पोटातून वळते करून घ्यायचे. उंची २० इंच, खालच्या दुमडीला ४ आणि वर कंबरेत १ असे धरले, तर दोन तुकड्यांना ५० इंच लागतात. उरलेल्या चार इंचांत कमरेचा पट्टा. एकूण ५४ इंच, म्हणजे नेमके दीड वार! १९५६ च्या वजने-मापे कायद्यानंतर दुकानदार मीटरने कापू लागला, तरी हा हिशेब घरोघर वार-इंचातच होत राहिला. खडूने खुणा करणे, घड्या कच्च्या दोऱ्याने टाचणे, ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवणे, नितंबापर्यंत टीप मारणे, पट्टा लावणे आणि शेवटी खालची दुमड हाताने घालणे, असा कामाचा क्रम असे. टाचण्याचा कंटाळा केला की घड्या तिरक्या पडत आणि सारे उसवावे लागे.

या हिशेबाचा गाभा ‘माया’ या शब्दात आहे. शिवणीत आतल्या बाजूस राखून ठेवलेल्या जादा कापडाला शिवणकामात माया म्हणतात. मराठीतील हा शब्दप्रयोग अर्थपूर्ण आहे. भाषाशास्त्रज्ञांनी त्याची व्युत्पत्ती पाहावी. वरील स्कर्टमध्ये माया तीन ठिकाणी असे. खालच्या चार इंची दुमडीतून दर वर्षी एक-दीड इंच उंची सोडता येई. प्रत्येक घडीची दर्शनी बाजू पाव इंचाने वाढवली की आठ घड्यांत मिळून कंबर दोन इंच वाढे. आणि पट्टा पूर्ण ३६ इंच पन्ह्याचा कापलेला असल्याने त्याचे उरलेले टोक आत दुमडलेले असे. अशा रीतीने एक स्कर्ट तीन वर्षे जाई आणि नंतर धाकट्या बहिणीकडे. म्हणजे घडी ही शोभा नव्हती, ती साठवण होती. वाढत्या देहाचा अंदाज घेऊन बेतलेल्या या वस्त्रात पुढील तीन वर्षांचे अंदाजपत्रक शिवलेले असे.

कृत्रिम धाग्याने या व्यवस्थेत एक गमतीदार पेच निर्माण केला. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये शोधलेल्या पॉलिएस्टरचे उत्पादन १९६० च्या दशकात ‘टेरीन’ या नावाने मुलुंडच्या वेशीला लागून असलेल्या ठाण्यात सुरू झाले आणि सुताशी त्याचे मिश्रण असलेले टेरिकॉट गणवेशात शिरले. सुती घडी प्रत्येक धुण्यानंतर मोडे आणि आठही घड्या पुन्हा इस्त्री कराव्या लागत. टेरिकॉटची घडी उष्णतेने बसली की टिके. गृहिणीचे रोजचे श्रम वाचले. पण हीच टिकाऊ घडी माया सोडताना आड येई. जुन्या दुमडीची रेघ काही केल्या जात नसे, आणि ‘स्कर्ट वाढवलेला आहे’ हे वर्गातील सर्वांना दिसे.

या इतिहासाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. माया ठेवण्यासाठी आधी कापड लागते. झोपडपट्टीतील ज्या घरांत यंत्राचा हप्ता परवडत नव्हता, तेथे गणवेश म्हणजे कोणाचा तरी जुना स्कर्ट कंबरेत टाचून घातलेला. उलट १९८२ च्या संपानंतर कित्येक गिरणी कामगारांच्या घरांत हेच यंत्र काटकसरीचे साधन न राहता पोटाचे साधन बनले, आणि नगावर मिळणाऱ्या मजुरीत मायेला जागा नव्हती. शिवाय नोकरी करून रात्री मशीनवर बसणाऱ्या उपनगरी स्त्रीची झोप या हिशेबात कोणी धरली नाही.

हिशेबात न धरण्याची ही रीत शासकीय आकडेवारीतही आढळते. १९९३ च्या आंतरराष्ट्रीय राष्ट्रीय लेखा पद्धतीनुसार घरच्या वापरासाठी कपडे शिवणे हे उत्पादन ठरते. त्यांना इस्त्री करणे ठरत नाही. भारताच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात मात्र गृहकृत्यांसोबत घरासाठी शिवण-विणकाम करणाऱ्या स्त्रीला ९३ हा संकेतांक मिळतो आणि ती श्रमशक्तीबाहेर गणली जाते. एकच स्कर्ट एका व्याख्येने उत्पादन आणि दुसरीने गृहकृत्य! १९९८-९९ मधील पहिल्या कालवापर पाहणीत सहा राज्ये होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता. २०१९ मध्ये देशव्यापी पाहणी झाली, तेव्हा घरी स्कर्ट शिवणारी पिढी मागे पडली होती. वस्तूंचा पुरावाही फारसा उरलेला नाही, कारण तिसऱ्या मुलीनंतर स्कर्टची पिशवी होई, पिशवीचे पायपुसणे. अभ्यासकाच्या हाती उरतात ती शाळांची वार्षिक समूहछायाचित्रे, आणि त्यांत पहिल्या रांगेतील मुलींच्या स्कर्टवर नीट पाहिले तर दिसणारी जुन्या दुमडीची फिकट रेघ.

गणवेश घराबाहेर गेल्याचे परिणाम २०२४ मध्ये राज्यभर दिसले. शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेखाली कापड मध्यवर्ती पद्धतीने घेऊन शिलाई महिला बचत गटांकडे देण्यात आली. गणवेश उशिरा पोहोचल्याच्या आणि मापात न बसल्याच्या तक्रारी आल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खरेदीचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्याचा निर्णय झाला. शिवणाऱ्या स्त्रियाच होत्या. पण ज्या मुलीसाठी शिवायचे, ती त्यांच्यासमोर उभी नव्हती. उपनगरांतील दुकानांत आज मिळणाऱ्या तयार स्कर्टला मागे इलॅस्टिक असते, खाली अर्ध्या इंचाची दुमड असते, आणि आतली माया ओव्हरलॉक यंत्राने पाव इंचावर छाटलेली असते.