घरात सुणें, पुस्तकात कुत्रा

२७ जून १६८४ रोजी गोव्याचा व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने एक फर्मान काढलं. तीन वर्षांच्या आत लोकांनी पोर्तुगीज शिकावी, बोलण्याचालण्यात तीच वापरावी आणि पाद्री व शाळामास्तरांनी मुलांना त्याच भाषेतून शिकवावं. हा तोच व्हाइसरॉय, ज्याला आदल्या वर्षी फोंड्याच्या किल्ल्याखाली संभाजीराजांकडून मार खाऊन परतावं लागलं होतं. किल्ला हाती येत नाही तर निदान जीभ तरी यावी, असं काही त्याच्या मनात असेल का, हा माझा आपला चावटपणा. पोर्तुगीज त्यानंतर पावणेतीनशे वर्षं गोव्यात राहिले. तरी बहुसंख्य घरांत चुलीपाशी कोकणीच बोलली गेली.

गंमत म्हणजे याच धर्मसत्तेने आधी उलट केलं होतं. धर्म पोचवायचा तर लोकांची भाषा यायला हवी, हे सुरुवातीच्या पाद्र्यांना कळत होतं. फादर स्टीफन्सचं मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६चं, त्याचं कोकणी व्याकरण राशोलला छापलं गेलं १६४० साली. पण १८१२ मध्ये आर्चबिशपने शाळांतून मुलांना कोकणी बोलायला मनाई केली. वर्गात मूल घरच्यासारखं बोललं की तो अपराध.

या सगळ्याचा पहिला पंचनामा केला तो एका पोर्तुगिजानेच. कुन्य रिव्हार हा १८५५ मध्ये सरकारचा मुख्य सचिव म्हणून आला. त्याने स्टीफन्सचं व्याकरण पुन्हा छापलं आणि १८५८ मध्ये कोकणी भाषेवर ऐतिहासिक निबंध लिहिला. मातृभाषेला वगळून मुलांना शिकवता येत नाही, हे तो गोंयकारांना सांगत होता. ऐकणारे शिकलेले गोंयकार तोवर स्वतःच कोकणीला नोकरांची भाषा समजू लागले होते.

इथपर्यंतची गोष्ट मराठी वाचकाला आवडते, कारण तिच्यातला खलनायक परका आहे. पुढे जरा अडचण होते.

हिंदू घरांतही शाळेची भाषा घरची नव्हती. कीर्तन, पोथी, जमाखर्च मराठीत. शेणैमामाच्या शाळेत मुलं शिकत ती मराठीच. १९६१ नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या. ज्या बहुजन घरांना पोर्तुगीज शाळेची पायरी परवडली नव्हती, त्यांत अक्षर आलं ते या शाळांमुळे. आमच्याही. त्या उपकाराबद्दल मी कुणाशी वाद घालणार नाही. पण घरी सुणें भुंकायचं आणि पुस्तकात कुत्रा. आवय उदक आणायची आणि धड्यातली आई पाणी. दोन भाषा इतक्या जवळच्या, की फरक आहे हेच मोठ्यांच्या लक्षात येत नसे. परकी भाषा असती तर मुलाला ती येत नाही असं म्हटलं असतं. इथे म्हणत, हा अशुद्ध बोलतो. मला वाटतं, १८१२च्या मनाईहूनही हे जास्त आत लागतं. कारण त्याला फर्मान लागत नाही, मास्तरांच्या चेहऱ्यावरचं हसू पुरतं.

१९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी वापरात जागा मिळाली. १९९० मध्ये शिक्षणमंत्री शशिकला काकोडकर यांनी धोरण आणलं, की प्राथमिक शाळेला अनुदान हवं तर माध्यम प्रादेशिक भाषेचं हवं. चर्चच्या इंग्रजी शाळा कोकणी झाल्या. म्हणजे मूल अखेर घरच्या भाषेत शिकू लागलं? पुरतं नाही. त्याच्या घरातलं प्रार्थनेचं पुस्तक रोमी लिपीत, शाळेचं देवनागरीत. शिवाय पुस्तकातली कोकणी बरीचशी फोंड्याकडची. सासष्टीच्या घरातली निराळी. आणि आईबापांना हवं होतं इंग्रजी, कारण नोकरी तिथेच दिसत होती. त्यांना भाषाद्रोही ठरवणं सोपं आहे, पण ठरवणाऱ्यांपैकी अनेकांची मुलं कुठल्या शाळेत जात, हेही गावाला ठाऊक असतं.

२०११ मध्ये सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान खुलं केलं. विरोधात भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. राजभाषेच्या लढ्यात एकमेकांवर तुटून पडलेले लोक आता एकाच व्यासपीठावर होते: मराठीच्या बाजूने काकोडकर, कोकणीच्या बाजूने उदय भेंब्रे.