राजीखुशीचा करार

‘दोघांनाही मान्य आहे ना, मग सरकारनं मध्ये का पडावं?’ किमान वेतनाचा विषय निघाला की हा सवाल हमखास येतो. कायद्यानं दर वाढवला तर मालक माणसंच कमी लावेल, असं त्यामागचं म्हणणं. ते अगदीच निराधार नाही. 1988 मध्ये महाराष्ट्राच्या रोजगार हमीवरची मजुरी दुप्पट झाली, तेव्हा मागेल त्याला काम मिळेनासं झालं, असं अभ्यासकांनी दाखवलं आहे. माझा आक्षेप ‘मान्य आहे’ या गृहीतकाला आहे.

बीडचा ऊसतोड मजूर घ्या. गळीत हंगाम सुरू होण्याआधीच तो मुकादमाकडून उचल घेतो. ती मिळते कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. पैसे नवऱ्याच्या हातात; बायकोच्या घामाचा वेगळा हिशेबच नाही. मजुरी टनावर. पहाटेची तोडणी, मोळ्या बांधणं, गाडीची वाट पाहत फडात ताटकळणं, रात्री-अपरात्री ती भरणं, सगळं त्या टनातच. आजारपणानं दिवस बुडाला तर ‘खाडा’, त्याचा दंड. हंगामअखेर उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर. पुढच्या साली हा माणूस ‘या दरात येत नाही’ म्हणेल तरी कसा?

1948 च्या किमान वेतन कायद्याचं 25 वं कलम नेमकं यासाठीच होतं: किमान वेतनाचा हक्क सोडणारा करार, मजुरानं आपणहून केला तरी, रद्दबातल. 1982 च्या आशियाई खेळांसाठी दिल्लीत बांधकामं चालू होती. तिथं सव्वानऊ रुपयांच्या किमान रोजातून मजूर पुरवणारे जमादार रुपया कापून घेत. त्यावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवती यांनी स्पष्ट केलं, की पोटाच्या लाचारीनं किमान वेतनाहून कमी पैशांत केलेलं काम ही घटनेच्या 23 व्या कलमाखालची वेठबिगारीच आहे. मुकादमाच्या वहीला हा निकाल लागू होत नाही, असं कुणी सांगावं?

‘कायदा कागदावरच राहतो’ हा दुसरा आक्षेप. राहतो, कारण तासच लिहिले जात नाहीत. तास नाहीत, तर टनाच्या दरात किमान वेतन बसतं की नाही, हे ना मजुराला कळतं, ना निरीक्षकाला. म्हणून टनाच्या दरवाढीवर थांबू नका. उचलीच्या कागदावर नवरा आणि बायको अशी दोन नावं हवीत, दोघांचे तास रोज नोंदले जावेत, आणि ती नोंद ठेवण्याची जबाबदारी मुकादमावर न ढकलता साखर कारखान्यानंच घ्यावी.